डॉक्टरांना काय सांगायचं, किती सांगायचं? ट्रान्सजेंडर रुग्ण, डॉक्टर आणि आरोग्यशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जनरल प्रॅक्टिस करणारी डॉक्टर आहे. खालचे बरेचसे प्रश्न ट्रान्स रुग्णांनी, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग आणि स्वतःची ओळख वेगळी असलेल्या रुग्णांनी, विचारलेले आहेत, काही त्यांच्या आईवडिलांनी, आणि काही माझ्याच व्यवसायातल्या लोकांनी. शेवटच्या गटातले प्रश्न दबक्या आवाजात येतात, कारण आपल्याला हे माहीत नाही हे कबूल करणं डॉक्टरला जड जातं. मलाही गेलं. प्रश्न ज्या क्रमाने सुचले त्याच क्रमाने ठेवले आहेत.

प्रत्येक डॉक्टरला मी ट्रान्स आहे हे सांगायलाच हवं का?

नाही. मी एकच कसोटी लावते: हे कळल्याने आजचा उपचार बदलणार आहे का? घोटा मुरगळला, कानात मळ साठला, चष्म्याचा नंबर वाढला, तर नाही बदलणार. तिथे गप्प राहणं म्हणजे लपवाछपवी नव्हे. दातांच्या डॉक्टरला तुमच्या नाव बदलण्याची कहाणी लागत नाही. मात्र तुम्ही कोणती औषधं घेता हे त्यांनाही लागतं.

उलट पोटात दुखतंय, छातीत कळ आली, एक पाय सुजलाय, भूल द्यायची आहे, ओटीपोटाचा एक्स-रे काढायचाय, नवीन औषध सुरू होतंय, तर सांगा. इथे डॉक्टर मनातल्या मनात शक्यतांची यादी करत असतो. त्या यादीत गर्भाशय आहे की नाही, प्रोस्टेट आहे की नाही, रक्तात इस्ट्रोजेन (स्त्री-हार्मोन) किंवा टेस्टोस्टेरॉन (पुरुष-हार्मोन) किती, यावर पुढचं सगळं ठरतं.

हीच कसोटी डॉक्टरांनाही लागू आहे, आणि त्यांनाच ती जास्त गरजेची आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

बरं, सांगायचं तर कसं? तोंड उघडलं की शब्द सुचत नाहीत.

छोटं, कोरडं आणि सुरुवातीलाच. सगळं बोलून झालं, प्रिस्क्रिप्शन हातात पडलं, आणि दाराशी उभं राहून ‘अजून एक सांगायचं होतं’ असं बहुतेक जण करतात. तोवर डॉक्टरचं मत बनलेलं असतं आणि बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलेलं असतं.

तीन गोष्टी पुरतात: अवयव, औषधं आणि हाक मारायचं नाव. उदाहरणार्थ, ‘मी ट्रान्स पुरुष आहे. चार वर्षं टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं चालू आहेत. छातीची शस्त्रक्रिया झालीय, गर्भाशय आणि बीजांडकोश आहेत. कालपासून पोटात उजवीकडे दुखतंय.’ बस. कधी कळलं, घरचे काय म्हणाले, पुढची शस्त्रक्रिया कधी, यातलं काहीही या पोटदुखीला लागत नाही.

बोलता येत नसेल तर कागदावर लिहून टेबलावर ठेवा, नाहीतर फोनवर टाइप करून स्क्रीन दाखवा. कुठलाही शहाणा डॉक्टर खूश होतो, कारण लिहिलेलं वाचायला पाच सेकंद लागतात. अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनवर फोन करून ‘केसपेपरवर हे नाव आहे, पण हाक या नावाने मारा’ असं सांगून ठेवलं तर निम्मं ओझं आधीच उतरतं.

फॉर्मवर ‘पुरुष’ की ‘स्त्री’? काय लिहू?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे. फॉर्मवरचा एक रकाना तीन वेगवेगळी कामं करू पाहतो: तुम्ही स्वतःला कोण मानता, जन्मावेळी दाईने किंवा डॉक्टरने काय लिहिलं, आणि तुमच्या शरीरात आत्ता काय आहे. बहुतेक लोकांची तिन्ही उत्तरं एकच असतात, म्हणून फॉर्म छापणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. तुमची उत्तरं वेगळी असतात आणि रकाना मात्र एकच.

यावरचा उपाय साधा आहे आणि अनेक ठिकाणी वापरात आहे. दोन स्वतंत्र प्रश्न विचारायचे: आत्ताची लिंगओळख कोणती, आणि जन्मावेळी कोणतं लिंग नोंदवलं होतं. त्याला जोडून अवयवांची यादी ठेवायची: स्तन, गर्भाशय, गर्भाशयमुख, बीजांडकोश, वृषण, प्रोस्टेट. काय आहे, काय काढलंय, काय नव्याने तयार केलंय. ही यादी दर शस्त्रक्रियेनंतर बदलायची.

यादी नसली तर काय होतं, याचं एक उदाहरण न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २०१९ साली छापून आलं. ३२ वर्षांचा एक पुरुष पोटात प्रचंड कळा येतात म्हणून तातडीच्या विभागात आला. आपण ट्रान्स आहोत, आणि सकाळी घरी केलेली गर्भधारणेची चाचणी पॉझिटिव्ह आली, हे त्याने नर्सला सांगितलं होतं. कागदावर ‘पुरुष’ होतं. वजन जास्त, रक्तदाबाच्या गोळ्या सोडलेल्या, पण प्रकृती स्थिर, अशी नोंद होऊन तो थांबून राहिला. काही तासांनी तपासणी झाली तेव्हा तो प्रसूतीच्या कळा देत होता आणि नाळ खाली घसरली होती. बाळ मृत जन्मलं. या प्रकरणात कोणी दुष्टपणे वागलं नाही. रुग्णाने सगळं स्पष्ट सांगितलं होतं. फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘पुरुष’ आणि ‘गरोदर’ हे दोन शब्द एका खणात बसेनात.

तर तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर: ओळखपत्राशी किंवा विम्याशी मेळ बसवावा लागतो तिथे जे कायदेशीर आहे ते लिहा, आणि शेजारी पेनाने अवयव व औषधांची एक ओळ जोडा. आणखी एक लक्षात ठेवा. नोंदवलेल्या लिंगावरून संगणक तपासणीची बोलावणी पाठवत असेल, तर ‘पुरुष’ अशी नोंद असलेल्या ट्रान्स पुरुषाला गर्भाशयमुखाच्या तपासणीचं पत्र येणार नाही. तारीख स्वतःच लक्षात ठेवावी लागेल.

डॉक्टर बोलतात तेव्हा ‘आलास’ की ‘आलीस’ यावरच माझा जीव अडकतो. हे अती आहे का?

अजिबात नाही. ज्यांना हे अती वाटतं त्यांनी मराठीचं व्याकरण एकदा या नजरेने पाहावं. आपल्या भाषेत सर्वनामापेक्षा क्रियापदच जास्त चुगलखोर आहे. ‘मी आलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी आले’ म्हटलं की स्त्री. तोंडातून दुसरा शब्द निघाला की आपण कोण हे जाहीर झालं. माझा एक तरुण रुग्ण पहिल्या तीन भेटींत फक्त ‘मला’ने सुरू होणारी वाक्यं बोलायचा. मला ताप आहे, मला झोप लागत नाही, मला चक्कर येते. मी समजले, मितभाषी स्वभाव असेल. नंतर कळलं की ‘मी झोपतो’ म्हणायची हिंमत नव्हती आणि ‘मी झोपते’ म्हणायचं नव्हतं.

भाषेत लपायला जागा आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. ‘मी गोळी घेतली’ हे कोणीही म्हणू शकतं, कारण क्रियापद गोळीच्या मागे जातं. ‘मी उद्या येईन’ हेही. पण लपून बोलणं दमवतं, आणि दमलेला रुग्ण अर्धं सांगतो.

डॉक्टरांसाठी यातली सोय मोठी आहे: ‘तुम्ही’ वापरा. ‘तुम्ही कधी आलात’, ‘तुम्ही काय खाता’, ‘तुम्ही घाबरलात का’ यात लिंग दिसतच नाही. ‘तू’ म्हटलं की अडकलात. तिसऱ्या माणसाशी बोलताना ‘यांना ताप आहे’, ‘यांचा रिपोर्ट दाखवा’ अशी वाक्यं चालतात. विशेषणांकडे लक्ष ठेवा, ‘थकलेले’ आणि ‘थकलेल्या’ तिथे घात करतात. आणि सरळ विचारलेलं सगळ्यात बरं: ‘तुमच्याशी बोलताना मी आलात, गेलात असंच बोलू, की तुम्हाला दुसरं काही आवडेल?’ नॉन-बायनरी, म्हणजे पुरुष किंवा स्त्री या दोन चौकटींत न बसणाऱ्या व्यक्तींपैकी कोणाला आदरार्थी ‘ते’ चालतं, कोणी दोन्ही रूपं मिसळतात. अंदाज बांधू नका.

डॉक्टर सावध असले तरी बाहेर ‘ताई, जरा सरका’ किंवा ‘दादा, फाइल आणलीत का’ असं होतंच. त्यात वाईट हेतू नसतो, आपुलकीच असते. पण ती आपुलकी चुकीच्या पत्त्यावर गेली की टोचते. नुसतं ‘ऐका ना’ पुरतं.

मी ताप घेऊन गेलो तरी डॉक्टर हार्मोनवरच येतात. काय करू?

या प्रकाराला इंग्रजी जगात एक खोचक नाव पडलंय, ‘ट्रान्स ब्रोकन आर्म सिंड्रोम’. म्हणजे हात मोडून गेलात तरी निदान एकच: तुम्ही ट्रान्स आहात म्हणून. ‘आधी हार्मोन बंद करा, मग बघू’ हे त्याचं नेहमीचं रूप.

अशा वेळी मी रुग्णांना एक प्रश्न विचारायला शिकवते: ‘मी ट्रान्स नसतो, तर याच तक्रारीसाठी तुम्ही काय तपासलं असतं?’ भांडण न करता डॉक्टरला रुळावर आणायला याहून चांगलं वाक्य मला सापडलेलं नाही. बरेच डॉक्टर क्षणभर थांबतात, आणि मग मलेरियाची तपासणी लिहून देतात.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. कधीकधी हार्मोनचा खरंच संबंध असतो. इस्ट्रोजेन घेणाऱ्या व्यक्तीचा एकच पाय सुजून दुखायला लागला, अचानक धाप लागली, छातीत टोचायला लागलं, तर ती रक्ताची गुठळी असू शकते आणि तेव्हा तासाभराचाही उशीर नको. तिथे डॉक्टरने हार्मोनबद्दल विचारलं तर तो पूर्वग्रह नव्हे, चांगली वैद्यकी आहे. फरक ओळखायचा कसा? डॉक्टर हार्मोनवरून पुढे कुठल्यातरी तपासणीकडे जातो का, ते पाहा. हार्मोनवर येऊन संभाषण संपलं तर काहीतरी गडबड आहे.

सर्दीसाठी गेले आणि ‘खालचं ऑपरेशन झालंय का?’ असं विचारलं. उत्तर द्यावंच लागतं का?

नाही. ‘हे सर्दीसाठी कशाला लागेल, सांगाल का?’ असं शांतपणे विचारा. कारण असेल तर डॉक्टर सांगेल, नसेल तर विषय बदलेल. तपासणीचंही तसंच. कपडे काढायला सांगितले तर का, कुठले, किती वेळ, हे विचारायचा हक्क प्रत्येक रुग्णाला असतो. सोबत ओळखीचं माणूस खोलीत हवं असेल तर तसं सांगा. शिकाऊ डॉक्टरांचा घोळका बघायला बोलावला तर नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

डॉक्टर मंडळींनो, कुतूहल असणं पाप नाही. ते भागवायला पुस्तकं आहेत.

गर्भाशयमुखाची तपासणी सांगितली आहे, पण कल्पनेनेच अंगावर काटा येतो. टाळली तर?

टाळू नका, पण पद्धत बदलून मागा. तपासणीचा नियम सोपा आहे: जो अवयव शरीरात आहे त्याची तपासणी व्हायला हवी, मग ओळख कुठलीही असो. ट्रान्स पुरुषाचं गर्भाशयमुख असेल तर ते. योनी तयार करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही प्रोस्टेट आतच राहतं, म्हणून ट्रान्स स्त्रीला ते. छाती सपाट केल्यावरही थोड्या स्तनपेशी उरतात. आणि काही वर्षं इस्ट्रोजेन घेतलेल्या स्त्रीने पन्नाशीच्या सुमारास मॅमोग्राफीबद्दल विचारायला हवं.

हा नियम पाळला नाही तर काय होतं ते रॉबर्ट ईड्स या अमेरिकन ट्रान्स पुरुषाच्या बाबतीत दिसलं. बीजांडकोशाचा कर्करोग घेऊन ते दोन डझनांहून जास्त डॉक्टरांकडे फिरले. पुरुष दिसणारा माणूस स्त्रीरोगतज्ज्ञाच्या प्रतीक्षागृहात बसला तर बाकीच्या पेशंट काय म्हणतील, अशीही कारणं पुढे आली. १९९९ साली त्यांचा मृत्यू झाला.

आता पद्धतीबद्दल. एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणी स्वतः घेतलेल्या नमुन्यावर करता येते. बाथरूममध्ये जाऊन स्वतःच स्वॅब घ्यायचा, कोणी तपासायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात स्वतः घेतलेला नमुना मान्य आहे. स्पेक्युलम, म्हणजे तपासताना योनी उघडी ठेवणारं उपकरण, लावणं भागच असेल तर सगळ्यात लहान आकाराचं मागा, स्वतः आत सरकवू का असं विचारा. टेस्टोस्टेरॉनमुळे योनीचं अस्तर पातळ आणि कोरडं होतं. त्यामुळे दुखतं आणि पेशींचा नमुनाही पुष्कळदा अपुरा निघतो. आधी काही दिवस तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम डॉक्टर देऊ शकतात. ते जागच्या जागी काम करतं, तुमच्या टेस्टोस्टेरॉनच्या परिणामांना धक्का लावत नाही. लॅबच्या फॉर्मवर ‘टेस्टोस्टेरॉन चालू’ आणि ‘नमुना गर्भाशयमुखाचा’ असं लिहिलं आहे ना, बघून घ्या. ‘पुरुष’ लिहिलेला असा नमुना चुकीचा समजून परत पाठवला जाण्याची भीती असते.

अवयवांची नावं बोचत असतील तर दुसरे शब्द सुचवा. ‘छाती’, ‘आतला भाग’, ‘खालची तपासणी’, काहीही चालतं. कशाबद्दल बोलणं चाललंय ते दोघांना कळलं म्हणजे झालं. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचा घट्ट कपडा) घालत असाल तर छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि स्टेथोस्कोप या तिन्हींसाठी तो काढावा लागेल. ते आधी माहीत असलेलं बरं.

हार्मोन मी स्वतःच ऑनलाइन मिळवून घेते. डॉक्टर रागावतील म्हणून सांगत नाही.

सांगा. रागावले तरी सांगा. औषध कुठून आणलं हे सांगायची गरज नाही. नाव, डोस आणि किती दिवस, एवढंच.

कारण ऐका. मैत्रिणीच्या सांगण्यावरून गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला तीन-तीन घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या गोळ्यांत बहुधा इथिनिल इस्ट्राडिओल असतं आणि त्याने रक्ताच्या गुठळीचा धोका बराच वाढतो. म्हणूनच या उपचारासाठी ते वापरत नाहीत. इस्ट्राडिओल वेगळं, आणि ते त्वचेवरच्या पॅचने किंवा जेलने घेतलं तर हा धोका आणखी कमी. पुरुष-हार्मोन रोखायला घेतात त्या स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, तेव्हा मूत्रपिंड आणि पोटॅशियम तपासायला हवं. त्याच कामाचं सायप्रोटेरोन जास्त डोसमध्ये वर्षानुवर्षं घेतल्याने मेंदूच्या आवरणात मेनिन्जिओमा नावाची गाठ होण्याचा धोका वाढतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरच्या काही गोळ्या, म्हणजे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, इस्ट्रोजेनची पातळी खाली आणतात. हे डॉक्टरला कळणार कसं, तुम्ही सांगितलं नाही तर? इंजेक्शन घेत असाल तर सुई स्वतःची आणि दर वेळी नवी.

आणि नितंब किंवा छाती भरायला कोणी मोकळं सिलिकॉन टोचून देतो म्हणालं तर तिथून उठा. ते फुफ्फुसात जाऊन माणसं दगावली आहेत.

डॉक्टरांनो, रागावल्याने कोणीही औषध बंद करत नाही, फक्त तुम्हाला सांगणं बंद करतात. सुरक्षित औषध, योग्य डोस आणि रक्ततपासणी देऊन त्यांना देखरेखीखाली आणणं हाच शहाणपणा.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनपुढे लाल खूण आहे. घाबरू का?

आधी कोणाच्या मापाने मोजलंय ते बघा. इथली चूक माझी स्वतःची आहे. एका ट्रान्स पुरुषाचं हिमोग्लोबिन १६.४ आलं. लॅबच्या कागदावर ‘स्त्री’ छापलेलं, शेजारी लाल बाण. मी त्याला टेस्टोस्टेरॉन कमी करायला सांगितलं. तो गेला आणि संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुरुषांची मर्यादा साधारण १३ ते १७, स्त्रियांची १२ ते १५. टेस्टोस्टेरॉन काही महिने व्यवस्थित चालू असलं की रक्त पुरुषाच्या मापात जातं. त्याचं रक्त अगदी जागच्या जागी होतं. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. काळजी करायची ती हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांकडे सरकायला लागल्यावर.

क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या सूत्रातही लिंग टाकावं लागतं. तिथे कुठलं टाकायचं यावर एकच उत्तर नाही. स्नायू किती, हार्मोन किती काळ, हे बघून दोन्ही आकडे काढावेत. प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्तचाचणी करत असाल तर इस्ट्रोजेनवर तो आकडा खाली आलेला असतो. म्हणून ‘४ च्या खाली आहे, म्हणजे ठीक’ हा नेहमीचा हिशेब ट्रान्स स्त्रीला लागू पडत नाही. तिच्या बाबतीत १ च्या आसपासचा आकडाही विचार करायला लावणारा आहे.

टेस्टोस्टेरॉनने पाळी बंद झालीय. म्हणजे दिवस राहण्याची भीती नाही ना?

आहे. पाळी बंद म्हणजे बीज बाहेर पडणं बंद, असं नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे, आणि गर्भ राहिला तर ते त्याला घातक आहे. कॉपर टी, कंडोम वगैरे साधनं टेस्टोस्टेरॉनसोबत चालतात.

पुढे मूल हवंसं वाटलं तर?

हार्मोन सुरू करण्याआधीच बोला. वीर्य किंवा बीजांडं गोठवून ठेवता येतात. हार्मोन बंद केल्यावर काहींची क्षमता परत येते, पण येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. वीस वर्षांच्या मुलाला हे बोलणं निरर्थक वाटतं. तरीही डॉक्टरने विषय काढायचा आणि उत्तर ‘नको’ आलं तर सोडून द्यायचा.

आमचे डॉक्टर म्हणतात हा मानसिक आजार आहे, औषधाने मुलगा ‘सरळ’ होईल. खरं आहे का?

नाही. ट्रान्स असणं हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली, १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झालं. त्यात ही बाब मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली आहे. पूर्ण वगळली नाही, कारण नोंदच नसेल तर उपचार आणि विमा मिळायची पंचाईत. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ मध्ये ‘आयडेंटिटी डिसऑर्डर’ हे नाव सोडून ‘जेंडर डिस्फोरिया’ आणलं. त्यात लक्ष ओळखीवर नाही, तर शरीर आणि ओळख यांच्या विसंगतीतून होणाऱ्या त्रासावर आहे.

ओळख ‘बदलून’ देण्याचे उपचार चालत नाहीत, आणि त्यातून नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढतात. नैराश्य असेल तर त्यावर उपचार जरूर घ्या, मनोविकारतज्ज्ञाकडे जरूर जा. नैराश्यावरचा उपचार आणि ओळखीवरचा ‘उपचार’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आईवडिलांना एक विनंती. तपासणीच्या खोलीत मुलाच्या आधी उत्तरं देऊ नका. थोडा वेळ बाहेर बसा.

मी डॉक्टर आहे. मला हे कोणी शिकवलं नाही. चुकून बोलले तर काय करू?

‘माफ करा’ म्हणा, दुरुस्त करा, पुढे जा. पाच मिनिटं माफी मागत बसलात तर उलटी तुमचीच समजूत काढायची जबाबदारी रुग्णावर येते. आणि माहीत नसेल तर ‘हे मला माहीत नाही, वाचून परवा फोन करते’ असं म्हणा, आणि परवा खरंच फोन करा. रुग्णाकडून त्याच्या शरीराबद्दल ऐका, पण विषयाची शिकवणी त्याच्याकडून घेऊ नका. त्यासाठी ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या डब्ल्यूपॅथ या संघटनेच्या उपचार-मानकांची २०२२ ची आठवी आवृत्ती आणि एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. एक रविवार पुरतो.

वैद्यकीय अभ्यासक्रमात नेमकं काय कमी पडतं?

तास, आणि जागा. २०११ साली अमेरिका आणि कॅनडातल्या वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी छापून आली. समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्स अशा सगळ्यांच्या आरोग्यावर मिळून, अख्ख्या अभ्यासक्रमात दिलेला मध्यक वेळ होता ५ तास.

पण तासांपेक्षा मला जागा जास्त खटकते. हा विषय आला तर मनोविकारात, न्यायवैद्यकात किंवा एचआयव्हीच्या धड्यात. म्हणजे विद्यार्थ्याच्या डोक्यात ट्रान्स माणूस एकतर वेडा, नाहीतर गुन्ह्यातला, नाहीतर संसर्गाचा. माझं मत असं की वेगळं प्रकरण वाढवण्याऐवजी नेहमीच्या केसमध्ये तो माणूस आणावा. दमा झालेली एक ट्रान्स स्त्री. अपेंडिक्स दुखणारा एक ट्रान्स पुरुष, ज्याच्या पोटदुखीच्या यादीत गर्भनलिकेत राहिलेला गर्भही धरायचाय. परीक्षेला हे विचारलं की मुलं आपोआप शिकतात, परीक्षेचा तेवढा उपयोग आहे. आणि शिकवताना रिसेप्शनवरची माणसं, एक्स-रे तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांना वगळू नका. रुग्ण पळून जातो तो बऱ्याचदा डॉक्टरपर्यंत पोचायच्या आधीच.

शाळेत शरीराबद्दल शिकवताना सर्वांना सामावून कसं घ्यायचं? ‘मुलींना पाळी येते’ हेही म्हणायचं नाही का?

म्हणा की. बहुतेक मुलींना येतेच. फक्त तिथे थांबू नका. ‘मुलींना आणि ज्यांना गर्भाशय आहे अशा इतरांनाही पाळी येते, आणि काही मुलींना येतही नाही.’ या एका वाक्यात ट्रान्स मुलगा आला, ट्रान्स मुलगी आली, आणि जन्मतः गर्भाशय नसलेली मुलगीही आली, जी वर्गात कोणाला न सांगता बसलेली असू शकते. ‘मुलगी’ हा शब्दच गाळून ‘पाळी येणाऱ्या व्यक्ती’ एवढंच म्हणायचा आग्रह मला शाळेत तरी अवघड वाटतो. बारा वर्षांच्या मुलांना गोंधळात टाकून काही साधत नाही. यावर माझे काही सहकारी माझ्याशी भांडतात.

मुलामुलींना दोन खोल्यांत वेगळं बसवून शिकवण्याची पद्धत मात्र सोडायला हवी. ट्रान्स मुलगा कुठल्या खोलीत जाणार? आणि मुलग्यांना पाळीबद्दल कळलं तर बिघडतं काय? युनेस्कोच्या लैंगिकता शिक्षणाच्या मार्गदर्शनात, २००९ मध्ये आलेल्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या, वयानुसार काय शिकवायचं त्याची मांडणी आहे. शिक्षकांना तिचा आधार घेता येतो. प्रश्न विचारायला चिठ्ठ्यांचा डबा ठेवा, नाव न लिहिता. खरे प्रश्न त्यातच येतात.

डॉक्टरने ‘आम्ही अशा केसेस घेत नाही’ म्हटलं तर?

कारण विचारा, शक्य झाल्यास लेखी मागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार करा. पण आधी दुसरा डॉक्टर गाठा. तक्रार आठवडाभराने करता येते, ताप आठवडाभर थांबत नाही.

मी बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात पोचलो तर?

पाकिटात एक कार्ड ठेवा, ओळखपत्राच्या मागे नाही, पुढे. माझ्या एका रुग्णाने बनवलेलं मला आवडलं. त्यावर एवढंच आहे: हाक मारायचं नाव. रक्तगट. ‘टेस्टोस्टेरॉन चालू, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. पेनिसिलिनची ॲलर्जी. गर्भाशय आहे, एक्स-रेपूर्वी गर्भचाचणी करा.’ खाली मित्राचा फोन नंबर, आणि त्याखाली बारीक अक्षरात: ‘घरच्यांना कळवण्याआधी याला फोन करा.’